‘मी त्यांची कोण?’ असं विचारणाऱ्या मैत्रिणीला

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी तिशीतली आहे. नऊ वर्षं ती दर शुक्रवारी एका छोट्या म्युझिक क्लबमध्ये जात आली. तिथल्या डीजेंना सगळे ‘दादा’ म्हणत. शेवटची चार वर्षं दादांनी तिला हाताशी धरून शिकवलं. रात्रीचा पहिला तास ते स्वतः वाजवायचे, पुढचा अर्धा तास तिला द्यायचे. दोन महिन्यांपूर्वी दादा झोपेतच गेले. मागे साडेसहाशे रेकॉर्ड, खोकंभर कॅसेट आणि एक लॅपटॉप. संसार नव्हता, त्यामुळे सगळं थोरल्या बहिणीकडे आलं. बहीण म्हणते, ‘तुला हवं ते घेऊन जा, उरलेलं महिनाअखेर काढून टाकते.’ क्लबमधल्या मंडळींनी स्मृतिरात्र ठरवली आहे. दादांचा शेवटचा सेट, म्हणजे त्यांनी एका रात्री ओळीने लावलेली गाणी, जसाच्या तसा, त्याच क्रमाने लावायचा आणि रेकॉर्ड वाजवायच्या डेकवर हिने उभं राहायचं. बहीण येणार नाही. ‘त्या रात्रींनीच त्याला आमच्यापासून तोडलं,’ असं ती म्हणाली. संग्रह अखंड ठेवून त्याची स्मृतीची खोली करावी, असं एकाचं मत. विकून पैसे बहिणीला द्यावेत, असं दुसऱ्याचं. हिला अजून अधूनमधून रडू फुटतं आणि त्याची लाज वाटते. पत्रात एक प्रश्न दोनदा आला आहे : ‘पण मी त्यांची कोण?’

मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली एक जागा मी परत परत वाचली. नऊ वाजता खोलीत चिटपाखरू नसायचं, तरी दादा हेडफोन एका कानाला लावून, वाकून, अगदी मन लावून वाजवायचे. तुम्ही एकदा विचारलंत, ‘कोणासाठी?’ तर म्हणाले, ‘खोलीला ऐकायची सवय लागली पाहिजे. मग माणसांना लागते.’ मला वाटतं, तुम्हाला हवी असलेली बरीचशी उत्तरं या एका वाक्यात आहेत. त्याकडे मी परत येईन.

आधी तुमचा तो प्रश्न. ‘मी त्यांची कोण?’ असं विचारताना तुम्ही एक गोष्ट न तपासताच धरून चालला आहात : दुःखाला नात्याचा दाखला लागतो. रक्ताचं नातं असेल तर रडायचा हक्क, नाहीतर लांब उभं राहायचं. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये नेमक्या याच दुःखावर लिहिलं. आजूबाजूचे ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही, सुट्टी मिळत नाही, ते दुःख. शेजारी, सहकारी, गुरू, दुरावलेला जोडीदार, यांच्यासाठीचं. असं दुःख लहान नसतं. ते ठेवायला जागा नसते आणि म्हणून ते अवघड होऊन बसतं. तुम्ही दादांच्या कोण होतात? नऊ वर्षं समोर उभं राहून ऐकणारी, आणि चार वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभं राहून शिकणारी. डीजेचं सगळं काम ऐकणाऱ्यावर चालतं. समोरचा ऐकतोय की नुसता उभा आहे हे बघून तो पुढचं गाणं ठरवतो. त्या प्रत्येक ठरवण्यात तुमचा वाटा होता. त्यामुळे रडू आलं तर येऊ द्या. बहिणीसमोर आलं तरी येऊ द्या. तिने अजून तिच्या भावासाठी रडणारं परकं माणूस पाहिलेलं नसेल.

आता त्या शेवटच्या सेटबद्दल. मित्रमंडळींचा हेतू प्रेमाचा आहे, शंका नाही. पण मला या कल्पनेत काहीतरी खटकतं, ते सांगते. तो शेवटचा सेट आहे हे दादांना माहीत नव्हतं. त्या शुक्रवारी खोलीत जी माणसं होती, जो उकाडा किंवा पाऊस होता, जो कोणी उदास कोपऱ्यात बसला होता, त्यांच्याकडे बघून त्यांनी ती गाणी त्या क्रमाने लावली. आज समोर वेगळी माणसं असतील, रडवेली, गळ्यात गळे घालणारी. त्यांच्यासमोर दादांनी तो क्रम लावला असता का? तुम्ही चार वर्षं त्यांच्याजवळ होतात. मला वाटतं, तुमचं उत्तर ‘नाही’ असेल. दुसरं असं, की हुबेहूब वाजवायचं ठरवलंत की रात्रभर तुमचं लक्ष यादीवर राहील, खोलीवर राहणार नाही. दादांनी तुम्हाला नेमकं उलटं शिकवलं.

न्यू यॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो यांनी १९७० मध्ये राहत्या जागेतच ‘द लॉफ्ट’ या नृत्यरात्री सुरू केल्या. पुढे त्यांनी गाणी एकमेकांत मिसळणंही सोडून दिलं. रेकॉर्ड लावली की शेवटच्या सुरापर्यंत वाजू द्यायची, मध्ये क्षणभर शांतता पडली तरी चालेल. २०१६ मध्ये ते गेले, आणि त्या रात्री चालू राहिल्या. ते जाण्याआधीच त्यांच्या शेजारी उभं राहून शिकलेली माणसं वाजवायला लागली होती. त्यांनी मॅनकुसोंच्या यादीवर बोट ठेवून चालायचं ठरवलं असतं, तर मला नाही वाटत फार काळ कोणी आलं असतं.

मग रात्र कशी करावी? शेवटच्या सेटमधली तीन-चार गाणी जरूर घ्या. बाकीच्यासाठी नेहमीच्या येणाऱ्यांना आठवडाभर आधी एकच प्रश्न विचारा : ‘दादांनी तुझ्यासाठी लावलेलं गाणं कोणतं?’ ‘तुझं आवडतं’ किंवा ‘त्यांचं आवडतं’ असं विचारू नका, उत्तरं गुळमुळीत येतात. ‘तुझ्यासाठी लावलेलं’ म्हटलं की माणूस थबकतो आणि मग एक रात्र सांगतो. नोकरी गेली होती तेव्हाची, पहिल्यांदा एकटीने आले तेव्हाची. ती रात्र लिहून घ्या. मी एका वेळी एकालाच, शांत ठिकाणी, फोनवर रेकॉर्ड करून विचारायला सांगेन. घोळक्यात सगळे एकमेकांचंच बोलतात. ही गाणी तुमच्या रात्रीची यादी. त्यांचा क्रम तुम्ही लावा, खोलीकडे बघून. भाषणं नकोत, फारतर एक जण दोन मिनिटं बोलेल. आणि एक गाणं मॅनकुसोंच्या पद्धतीने पूर्ण संपू द्या. सुई आतल्या खाचेत जाऊन खर्रखर्र करत फिरत राहील. ते ऐकू द्या. मग पुढचं.

हात थरथरले, एका गाण्याचा ठेका दुसऱ्याशी जुळला नाही, तर? चुकेल एखादं. ते का चुकलं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असेल. मात्र पूर्ण रात्र एकटीने ओढू नका. तास-दीड तास घ्या, मग दुसऱ्याच्या हातात हेडफोन द्या.

यानंतर वस्तू. इथे मला घाई करायला सांगायची आहे, कारण ‘महिनाअखेर’ जवळ आहे. पण घाई रेकॉर्डची नाही. रेकॉर्ड दणकट असतात. सर्वांत नाजूक आहे तो लॅपटॉप.

दादा अलीकडे लॅपटॉपवरूनही वाजवायचे असं तुम्ही लिहिलंय. डीजेंची जी सॉफ्टवेअर सर्रास वापरली जातात, रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, त्यांत गाण्यांबरोबर बरंच काही साठत जातं : गाणं कुठून सुरू करायचं याच्या खुणा, याद्या, आणि बहुतेक वेळा कोणत्या रात्री काय वाजलं याचा इतिहाससुद्धा. म्हणजे कित्येक शुक्रवार त्यात तारखेसकट असू शकतात. कोणी ‘साफ करून’ तो लॅपटॉप भाच्याला दिला की हे सगळं एका मिनिटात गेलं. म्हणून बहिणीला आजच सांगा की तो कोणालाही देऊ नका, काही पुसू नका. तिच्या परवानगीने, तिच्यासमोर, फक्त संगीताची फोल्डर आणि सॉफ्टवेअरचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. तिच्या भावाची पत्रं, फोटो, हिशेब यांना हात लावू नका, ते तिचं. स्ट्रीमिंगवरची गाणी मात्र वर्गणी संपली की उघडणार नाहीत, त्यांची नावं तेवढी उतरवून ठेवा.

मग कॅसेट. याबाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. माझी मावशी गायची. तिचा आवाज एका कॅसेटवर होता, एकाच. ती गेल्यावर मी ती कॅसेट महिनाभर रोज लावली. एका संध्याकाळी आवाज जड झाला, मग थांबला, आणि झाकण उघडलं तर तपकिरी फीत प्लेअरच्या चाकांत गुंडाळलेली. पेन्सिल घालून सोडवली, पण मधला भाग चुरगळला तो चुरगळलाच. आज मावशी एका ओळीत मध्येच पाण्याखाली गेल्यासारखी गाते. तुमच्याकडे खोकंभर आहेत. पण कोणत्या कॅसेटवर काय आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही, म्हणून प्रत्येक एकुलती एक असल्यासारखी हाताळा.

पहिलं काम : कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. ते मोडून टाका. मोडले की त्या कॅसेटवर चुकून नवीन रेकॉर्डिंग होत नाही. (उद्या खरंच रेकॉर्ड करायची वेळ आली तर भोकावर चिकटपट्टी लावली की झालं.) दुसरं : जुना, धुळीत पडलेला प्लेअर वापरू नका. चांगल्या स्थितीतला कॅसेट-डेक मिळवा, त्याचं हेड (फीत ज्याला घासून जाते तो भाग) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या आणि आधी एखादी टाकाऊ कॅसेट चालवून बघा. तिसरं : गाणं ऐकण्यासाठी म्हणून लावूच नका. पहिल्यांदा लावाल तेव्हाच संगणकावर उतरवा, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला. ऐकायला, वाटायला नंतर एमपी३ करता येते. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, त्यात आडवाट नाही. आठवड्याला दोन, एवढाच वेग धरा. घरात बसून दादांबरोबर घालवलेले तासच आहेत ते. फाइलच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

कॅसेटवर दादांचे मिक्स, म्हणजे गाणी एकमेकांत जोडून सलग वाजवलेली, निघाले तर ते इंटरनेटवर सर्वांसाठी टाकावेत, असं कोणीतरी सुचवेलच. एवढं लक्षात ठेवा की रेकॉर्ड विकत घेतली तरी त्या गाण्याचे हक्क मूळ मालकांकडेच राहतात, आणि मिक्स टाकलं की ते आपोआप अडवलं जाण्याची शक्यता असते. डीजे-मिक्ससाठी परवाने घेतलेल्या सेवा आहेत, मिक्सक्लाउड त्यातली एक. तिथे टाकणं सोयीचं. प्रती विकू नका, चांगल्या कामासाठीसुद्धा.

आता त्या साडेसहाशे रेकॉर्ड. अखंड ठेवायच्या की विकायच्या, असा वाद तुमच्याकडे चालू आहे. मला वाटतं, दोन्ही बाजू एकच समजूत धरून आहेत : संग्रह म्हणजे वस्तूंचा ढीग. दादांचा संग्रह म्हणजे त्यांची निवड, आणि ती निवड नुसती रेकॉर्डमध्ये नसते. तुम्हीच लिहिलंय, एका कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘११८’ आणि खाली ‘पाऊस’ लिहिलेलं दिसलं. ११८ म्हणजे मिनिटाला किती ठोके, तेवढं कोणत्याही डीजेला कळेल. ‘पाऊस’ फक्त दादांना माहीत. पावसाच्या रात्री लावायचं, की ऐकल्यावर पाऊस आठवतो? हे असं लिहिलेलं असेल ती रेकॉर्ड बाजारात दोन पैशांची असली तरी तुमच्यासाठी तीच आधी वाचवायची.

म्हणून काहीही हलवण्यापूर्वी रेकॉर्डच्या क्रेट (खोकी) जशा आहेत तशाच, त्याच क्रमात, फोटो काढा. मग एकेक रेकॉर्ड बाहेर काढून कव्हरची पुढची बाजू, मागची बाजू, आतल्या पिशवीवरचं लिखाण आणि मधलं लेबल. चिकटवलेल्या चिठ्ठ्या सोलू नका, खोडरबर लावू नका. दोघीतिघी बसलात तर दोन रविवारांत होईल. या कामाच्या वेळी रेकॉर्ड उभ्याच ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका, खिडकीच्या उन्हात तर अजिबात नको; वाकलेली रेकॉर्ड क्वचितच पूर्ववत होते. उचलतानाही बेताने : शंभर रेकॉर्ड सहज २०-२५ किलो भरतात.

एवढं झालं की संग्रह फुटला तरी निवड फुटत नाही. जॉन पील हे बीबीसी रेडिओ वनवरचे डीजे. १९६७ पासून २००४ मध्ये अचानक जाईपर्यंत ते तिथे होते. घरी २५ हजारांच्या वर एलपी (मोठ्या रेकॉर्ड), आणि एलपीसाठी त्यांनी स्वतः टाइप केलेली कार्डं. २०१२ मध्ये तो संग्रह लोकांसमोर आणायचं ठरलं तेव्हा सगळा एकदम मांडायचा हट्ट कोणी धरला नाही. इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराखालचे पहिले शंभर एलपी घेतले, आणि बरोबर ती कार्डं दाखवली. शिकागोचे डीजे फ्रँकी नकल्स २०१४ मध्ये गेले, तर त्यांच्या सुमारे पाच हजार रेकॉर्ड त्याच शहरात, एका जुन्या बँकेच्या इमारतीत उभ्या राहिलेल्या कलाकेंद्रात गेल्या. ज्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये त्यांनी नाव काढलं, त्या इमारतीला २०२३ मध्ये शहराने वारशाचा दर्जाही दिला. पण ती जगभर माहीत असलेली माणसं, मागे संस्था उभ्या होत्या. तुमच्याकडे कोणाची तरी रिकामी खोली आहे, आणि ती दोन वर्षांनी लागणारच आहे. स्मृतीची खोली करून ती पुढे कोण झाडेल, भाडं कोण भरेल, हे आज ठरत नसेल तर करू नका, असं मी स्पष्ट सांगते.

मला सुचतं ते असं. दादांचं अक्षर असलेल्या साठ-सत्तर रेकॉर्ड एका क्रेटमध्ये एकत्र ठेवा, आणि ती क्रेट क्लबमध्येच राहू दे, वाजवण्यासाठी. नेहमीच्या येणाऱ्यांना ‘त्यांच्यासाठी लावलेल्या’ गाण्याची रेकॉर्ड एकेक द्या. उरलेल्या विकायच्या तर बहिणीच्या नावाने, तिला भाव सांगून, तिच्या संमतीने विका. ‘तुला हवं ते घेऊन जा’ असं तिने म्हटलंय, पण दुःखात माणूस बरंच काही देऊन टाकतो. काय नेलं, काय ठेवलं याची यादी तिच्या हातात द्या, आणि तीन महिन्यांनी तिला काही परत हवंसं वाटलं तर देऊ, असंही सांगा. सोशल मीडियावरच्या खात्यांचंही तिच्याशीच बोला. फेसबुकसारख्या ठिकाणी खातं स्मृती म्हणून राखता येतं, तो निर्णय घरच्यांचा.

बहिणीबद्दल मुद्दाम शेवटी लिहिते आहे. पत्रात ती तुम्हा सगळ्यांना अडसर वाटते. मला ती तशी दिसत नाही. आपल्याकडे ‘डीजे’ म्हटलं की आता माणूस डोळ्यांसमोर येतच नाही. भिंतीएवढे स्पीकर येतात, छातीत बसणारा दणका येतो. ‘डीजे लावला’ असंच आपण म्हणतो. तिला कोणी विचारलं असेल, ‘भाऊ काय करतो?’, तर ती काय सांगत असेल, आणि समोरचा काय चेहरा करत असेल, याचा विचार करून बघा. तो रात्री बाहेर असायचा आणि दिवसा झोपलेला. कुटुंबाच्या वाट्याला त्याची झोपच आली. जागा माणूस तुम्हाला मिळाला. तिची तक्रार खोटी नाही, आणि ती खोडून काढायला जाऊ नका. ‘तुमचा भाऊ किती महान होता’ हे ऐकवू नका. ते तिला ‘तुम्हाला तो कळलाच नाही’ असं ऐकू येईल.

तिला स्मृतिरात्रीच्या भर गर्दीत बोलावूही नका. त्या आवाजात, अनोळखी लोकांच्या मिठ्यांत ती का यावी? तिला नऊ वाजता बोलवा. दार उघडायच्या आधी, तो रिकाम्या खोलीचा तास. तेव्हा आवाज बेताचा असतो, खुर्चीत बसता येतं, एकमेकांशी बोललेलं ऐकू येतं. तिच्याबरोबर घरचं कोणी आलं तर येऊ दे. तुम्ही वाजवत राहा, दादा वाजवायचे तसं, मन लावून. तिने दहा मिनिटांत निघायचं ठरवलं तर जाऊ द्या. ती आलीच नाही, तर त्या तासाचं रेकॉर्डिंग करून ठेवा आणि कधीतरी तिने मागितलं तर द्या.

आणि तिला फोन कराल तेव्हा लॅपटॉपचं सांगून झाल्यावर एक गोष्ट विचारा, जी क्लबमधल्या कोणालाच माहीत नाही : लहानपणी घरात गाणं कोण लावायचं? दादांनी हट्ट करून पहिल्यांदा लावायला लावलेलं गाणं तिला आठवतं का? नाव आठवलं नाही तर तिला गुणगुणायला सांगा. ज्या वहीत तुम्ही सगळ्यांच्या रात्री लिहून घेणार आहात, तिचं पहिलं पान त्यासाठी कोरं ठेवा.